सुई टोचून घेण्याआधी

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एकाच रेल्वेमार्गावर आहेत आणि तिथली रोजची दुखणीही बरीचशी सारखी आहेत. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात मशीनवर वाकून शिवणाऱ्या कारागिराची मान आखडते. अंबरनाथच्या एमआयडीसीत उभ्याने पाळी करणाऱ्याची कंबर धरते. बदलापूरहून मुंबईला लोकलने ये-जा करणाऱ्या भगिनीचे डोके संध्याकाळपर्यंत ठणकू लागते. घरातल्या वडीलधाऱ्यांना सजद्यात जाताना गुडघे साथ देत नाहीत, मग नाइलाजाने खुर्चीवर बसून नमाज अदा करावी लागते.

ही दुखणी सहसा जिवावर बेतत नाहीत, पण माणसाला स्वस्थही बसू देत नाहीत. मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी दोन दिवसांसाठी सुरू होते आणि महिनोन्‌महिने चालू राहते. अशा गोळ्या मनाने, दीर्घकाळ घेतल्या तर जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणूनच अ‍ॅक्युपंक्चर, अ‍ॅक्युप्रेशर, कपिंग अशा पाट्या दिसल्या की पावले तिकडे वळतात. तिकडे जाण्यात गैर काही नाही. मात्र कशासाठी जायचे, कोणाकडे जायचे आणि जाण्याआधी काय करायचे, हे घरात सर्वांना ठाऊक हवे.

चीनहून आलेली सुई

अ‍ॅक्युपंक्चर ही चीनची सुमारे दोन हजार वर्षांची जुनी पद्धत. शरीरात ‘ची’ नावाची जीवनशक्ती ठरावीक वाटांनी वाहते, ती अडली की दुखणे येते आणि त्या वाटांवरच्या बिंदूंवर बारीक सुया टोचल्या की ती मोकळी होते, अशी तिची मूळ कल्पना. आजचे संशोधक वेगळ्या शब्दांत बोलतात. सुईमुळे नसा उत्तेजित होतात आणि मेंदू वेदना कमी करणारी स्वतःची द्रव्ये सोडतो, असे ते सांगतात.

या पद्धतीचा भारतातला प्रवास एका अशा पथकाशी जोडलेला आहे, ज्याचा महाराष्ट्राला अभिमान आहे. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा, १९३८ मध्ये, काँग्रेसने पाच डॉक्टर चीनला पाठवले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. डॉ. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांची कहाणी ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये पडद्यावर आणली. त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी हे उपचार सुरू केले. भारतात ही पद्धत रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

गुण कशाला येतो?

जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे तीन गट होते. एकाला नेमक्या बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचल्या, तिसऱ्याला गोळ्या आणि व्यायाम असे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटात शंभरात सुमारे ४८ जणांना, दुसऱ्यात ४४ जणांना आणि तिसऱ्यात २७ जणांना चांगला गुण आला.

या आकड्यांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. सुयांनी कंबरदुखीला उतार पडतो, ही पहिली. सुई अगदी अमुक बिंदूवरच लागली पाहिजे, या दाव्यात फारसा दम नाही, ही दुसरी. म्हणून मिळणाऱ्या आरामावर विश्वास ठेवावा. ‘आमच्याकडे शंभर रोगांवर इलाज आहे’ या जाहिरातीवर ठेवू नये.

ब्रिटनमधील ‘नाइस’ ही सरकारी संस्था उपचारांचा पुरावा तपासून डॉक्टरांना मार्गदर्शन करते. वारंवार होणाऱ्या अर्धशिशीसाठी औषधे लागू पडली नाहीत किंवा चालत नसली, तर पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत बैठकांचा विचार करावा, असे ती सांगते. मात्र गुडघ्याच्या झिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये, असे तिने २०२२ मध्ये स्पष्ट केले. तिथे मांड्यांचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन कमी करणे यांवरच तिचा भर आहे. सजद्यासाठी गुडघा पुन्हा वाकावा असे वाटत असेल, तर फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले तीन-चार व्यायाम घरी रोज करणे, हा कमी खर्चाचा आणि जास्त भरवशाचा मार्ग आहे.

आधी निदान, मग सुई

माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई घरी जीन्सचे धागे कापायचे काम करते. तिच्या पायांना मुंग्या येत, तळवे बधिर होत. कोणीतरी सांगितले म्हणून ती दोन महिने सुया टोचून घेत होती. पैसे दर बैठकीला मोजले जात होते, पण रक्त तपासायला तिला कोणी सांगितले नव्हते. पुढे सरकारी दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा साखर खूप वाढलेली निघाली. बधिरपणा मधुमेहाचा होता. अशा पायाला सुईची जखम झाली तर ती कळतही नाही आणि लवकर भरतही नाही.

दुखणे ही शरीराने दिलेली हाक असते. हाक कशासाठी आहे हे न पाहता ती गप्प केली, तर आजार आत वाढत राहतो. म्हणून पहिली पायरी डॉक्टरांची. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय, बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय ही आपलीच आहेत. तिथे केसपेपर काढायला लाजू नये. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पायातली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, अचानक असह्य डोकेदुखी झाली किंवा छातीत दुखू लागले, तर एक दिवसही थांबू नये. आणि सुया सुरू केल्या म्हणून बीपीची किंवा साखरेची गोळी मनाने कधीही बंद करू नये.

सुई कोणाच्या हातात?

महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आहे आणि उपचार करणाऱ्यांच्या नोंदणीसाठी महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषद आहे. तेव्हा जाताना नोंदणी क्रमांक विचारावा. शिक्षकाची पदवी विचारणारे पालक सुई टोचणाऱ्याची विचारायला का संकोचतात?

सुई एकदाच वापरायची आणि नवी असली पाहिजे. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे. वापरलेल्या सुईतून कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही पसरू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, गरोदरपण असेल किंवा हृदयात पेसमेकर असेल, तर ते आधीच सांगावे. छाती किंवा खांद्याजवळ चुकीची खोल गेलेली सुई फुप्फुसाला इजा करू शकते. असे क्वचित घडते, पण घडते. पाच-सहा बैठकांत काहीच फरक नसेल तर थांबावे. एका बैठकीचे ४०० रुपये धरले तर दहांचे ४००० होतात. एवढ्यात घरातल्या किती तपासण्या होतील, हा हिशेब मांडून पाहावा.

पुड्या आणि काढे

सुई आणि चिनी जडीबुटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिनी वनस्पतीतून मोठे औषधही मिळाले आहे. थू योयो या चिनी संशोधिकेने एका जुन्या ग्रंथातल्या वनस्पतीपासून मलेरियावरचे आर्टेमिसिनिन शोधले आणि त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले. पण ते औषध शुद्ध केले गेले, मात्रा ठरली, चाचण्या झाल्या, तेव्हा ते रुग्णापर्यंत पोहोचले. याउलट १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या चिनी मिश्रणात अ‍ॅरिस्टोलोकिया ही वनस्पती आली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे खराब झाली. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य म्हणून खरे मानू नये. नाव, घटक आणि उत्पादकाचा पत्ता नसलेली पुडी घेऊच नये. काही चिनी औषधांत प्राण्यांचे घटक किंवा मद्यार्क असतो. हलाल-हरामचा विचार करणाऱ्या घराने घटकांची यादी वाचण्याचे हे आणखी एक कारण.

आणि हिजामा?

आपल्याकडे अनेकजण हिजामा आणि अ‍ॅक्युपंक्चर एकच समजतात. चिनी पद्धतीतही पेले लावतात, पण हिजामात त्वचेवर बारीक चिरा देऊन रक्त काढले जाते. त्याचा उल्लेख हदीसमध्ये आहे, युनानीत तो आहे आणि आपल्या गावोगावी तुंबडी लावणारेही होतेच. श्रद्धेने करायचा असेल तर जरूर करावा, पण प्रशिक्षित युनानी डॉक्टरांकडे, नव्या ब्लेडने आणि स्वच्छ पेल्यांनी. अशक्त, रक्त कमी असलेल्या आणि गरोदर स्त्रियांनी टाळावा. रोजा असताना सुई किंवा हिजामा करावा का, हे आपल्या आलिमांना विचारावे; इफ्तारनंतरची वेळ ठरवली तर प्रश्नच उरत नाही. सुन्नतचे नाव घेऊन कोणी स्वतःचीच तुंबडी भरत नाही ना, एवढे पाहावे.

घरच्या घरी, सुईशिवाय करता येण्यासारखा एक साधा उपाय सांगते. प्रवासात मळमळले तर मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटे कोपराकडे, मधल्या दोन शिरांच्या मध्ये अंगठ्याने दोन-तीन मिनिटे दाबावे. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ या बिंदूमुळे कमी होते, असे अभ्यासांत दिसले आहे. त्याला पैसे पडत नाहीत आणि अपायही नाही.

या महिन्यात एवढे करावे: घरात चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर आणि बीपी तपासून घ्यावे आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावे. सुई टोचायची की नाही, हे ती वही समोर ठेवून डॉक्टरांबरोबर ठरवावे.