भंगाराचा भाव

गेल्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या भाच्याचा भल्या पहाटे फोन आला. अशा अवेळी फोन वाजला की माझ्या वयाच्या माणसाच्या छातीत धस्स होते. पण पोरगा खुशीत होता. "मामा, तुमच्या वडनेरच्या गाडीची सख्खी बहीण पाहिली आज. लिलावात! माणसं वेड्यासारखी बोली लावत होती."

मित्राच्या आग्रहावरून तो ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला बॅरेट-जॅक्सन कंपनीच्या लिलावाला गेला होता. वडनेरची गाडी त्याने फक्त आईच्या अल्बममधल्या फोटोत पाहिलेली. तरी पुढची पाच आडवी पट्ट्यांची जाळी आणि फुगीर गाल पाहून त्याने तिला ओळखले. बोली किती गेली तेही त्याने सांगितले. मी रुपयांत हिशोब केला नाही. उभा जन्म बँकेत आकडेमोड करण्यात गेला, पण त्या पहाटे हिशोब करवेना. त्या गाडीची किंमत एकदा मीच, माझ्या हाताने, कागदावर लिहिली होती.

हिंगणघाटहून हैदराबादच्या वाटेने दक्षिणेला निघाले की वडनेर लागते. पूर्वी ह्या रस्त्याला सात नंबरचा हायवे म्हणत, वाराणसीपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा. आता तो चव्वेचाळीस नंबरचा झाला आहे. वडनेर माझे आजोळ. आजोबांनी १९५१ साली तिथे शेव्हरोलेची पिकअप आणली. गावात तिला पिकअप कोणी म्हणत नसे, 'शेवरलेट' म्हणत. गाडीचा सांगाडा अमेरिकी, पण मागचा हौदा गावच्या सुताराने सागाच्या फळ्यांचा बांधलेला.

अमेरिकी गाडी वडनेरला कशी पोचली, याचे नवल वाटायला नको. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला सुटे भाग आणून शेव्हरोले गाड्या जोडायला सुरुवात केली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि फार्गो ट्रक तयार होऊ लागले. महिंद्रांनी माझगावात विलीज जीप जोडली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्या सुरुवातीच्या काळात महामंडळाच्या ताफ्यात बेडफर्डच्या बरोबरीने शेव्हरोले आणि स्टुडबेकरही होत्या. पुढे सरकारचे धोरण ठरले, की नुसते भाग जोडायचे नाहीत, गाडी इथेच घडवायची. १९५४ साली जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला आणि त्याच वर्षी जमशेदपुरात टाटांचे मर्सिडीज-बेंझ ट्रक बाहेर पडू लागले. आमची शेवरलेट वडनेरला आली आणि तीनच वर्षांत तिचे माहेर उठले.

ह्या घाटाच्या गाड्या शेव्हरोलेने युद्धानंतर, १९४७ साली आणल्या. सहा सिलिंडरचे, साडेतीन लिटरचे पेट्रोल इंजिन. पुढची काच दोन तुकड्यांची. स्टार्टर पायाने दाबायचा. पेट्रोलची टाकी सीटच्या पाठीमागे, केबिनमध्येच. त्यामुळे आमचे बालपण म्हणजे पेट्रोलचा, सरकीचा आणि मामाच्या विडीचा एकत्र वास. हे तिन्ही एका केबिनमध्ये सुखाने नांदले कसे, हे आज आठवले तरी अंगावर काटा येतो.

दिवाळीनंतर कापूस भरून गाडी हिंगणघाटच्या बाजारात जाई. मी मामाच्या शेजारी. आयुष्यातला पहिला लिलाव मी तिथे पाहिला. व्यापारी कापसाचा पेळू हातात घेत, ओढून धागा पाहत आणि भाव बोलत. मामा गाडीला टेकून उभे असत. आपल्याच मालाची बोली चाललेली, पण बोलायचा अधिकार मात्र त्यांना नाही. १९७२ साली सरकारची एकाधिकार कापूस खरेदी आली आणि ते लिलाव थांबले. लगेच १९७३ ची तेलटंचाई आली. पेट्रोल कडाडले. साडेतीन लिटरचे इंजिन शेतकऱ्याच्या घरी हत्ती पोसावा तसे झाले. कोणी डिझेल इंजिन बसवा म्हणे, कोणी विका म्हणे. मामांनी दोन्ही केले नाही. गाडी गोठ्याशेजारी कडुलिंबाखाली उभी राहिली, ती राहिलीच.

दुसरा लिलाव बँकेतला. थकलेल्या कर्जदाराचा ट्रॅक्टर, जीप ओढून आणायची, पंचनामा, नोटीस, राखीव किंमत, बयाणा, मग बोली. आमच्याकडे 'लिलाव' म्हटले की लोकांना जप्ती आठवते. ज्याचा ट्रॅक्टर तो शाखेच्या दाराकडे पाठ करून उभा असतो. आणि बोली लावणारे सगळे एकमेकांना ओळखतात. आदल्या रात्री त्यांचे ठरलेले असते, कोणी कुठवर जायचे. वस्तू दोन लाखांची असो, ती राखीव किमतीच्या उंबऱ्यावरच जाते. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्या कागदांवर सह्या केल्या आहेत.

स्कॉट्सडेलला उलटे चालते. तिथे बहुतेक गाड्यांना राखीव किंमतच नसते. हातोडा पडेल तो भाव. तरी बोली वर वर जाते, कारण तिथे समोरासमोर दोन माणसे बसलेली असतात आणि दोघांनाही आपल्या आजोबांची गाडी हवी असते. मालाला भाव यायला दोन घायकुतीला आलेली माणसे लागतात, एक पुरत नाही. हिंगणघाटच्या शेतकऱ्याला हे अर्थशास्त्र कोणी शिकवायला नको.

अमेरिकेत फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीला कारखान्यातूनच मागे हौदा लावून पहिली पिकअप विकली, किंमत २८१ डॉलर. ती शेतकऱ्याची, सुताराची, नळदुरुस्तीवाल्याची गाडी. दाराशी उभी असली तर पाहुण्याला त्याचे कौतुक नसे. मग १९६४ साली कोंबडीवरून युरोपशी भांडण झाले. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर लावला, म्हणून अमेरिकेने परदेशी छोट्या ट्रकवर पंचवीस टक्के जकात बसवली. त्या आडोशाला देशी पिकअप फोफावली, आणि १९७७ पासून फोर्डचे एफ मालिकेचे ट्रक तिथे विक्रीत सर्व ट्रकांच्या पुढे आहेत. शेती सोडून शहरात गेलेली पिढी म्हातारी झाली, हातात पैसा आला, तेव्हा तिला रोल्स-रॉइस नको होती. आजोबा ज्यात गवताच्या पेंढ्या भरत, ती गाडी हवी होती. आज १९४७ ते १९५५ मधली शेव्हरोले ३१०० चांगली राखलेली असेल तर तीस-चाळीस हजार डॉलर सहज मिळतात. हौसेने नव्याने घडवलेली लाखाच्या पलीकडेही जाते. काहींना तर तिचा गंज आणि उडालेला रंग तसाच हवा असतो. रंग दिला की भाव उतरतो.

आता माझ्या कागदाकडे येतो. १९८४ साली मी बँकेत नवखा अधिकारी होतो. मामांना ट्रॅक्टरसाठी कर्ज हवे होते. शाखा दुसरी, पण अर्ज भरून द्यायला मी वडनेरला गेलो. मालमत्तेच्या रकान्यात 'सध्याची वाहने व त्यांची किंमत' असे होते. मी कडुलिंबाखाली पाहिले. चाके मातीत रुतलेली, बॉनेटवर कोंबड्या.

"मामाजी, हे आता भंगार झालं. शून्य लिहितो."

मामा विडी ओढत होते. म्हणाले, "तू म्हंतं तं झालं असंन, बापू. पन कागदावर काहून लिहितं?"

मी लिहिले. नोकरीचा नवा ताठा होता. आज वाटते, हिशोबाच्या शास्त्रातही ते चूकच होते. घटत्या शिलकीवर घसारा काढला, तर किंमत दरवर्षी कमी होते, आणखी कमी होते, पण शून्यावर कधीच पोचत नाही. गणित शून्य लिहीत नाही, माणूस लिहितो.

कर्ज मिळाले. ट्रॅक्टर आला तेव्हा त्याला उभे करायला कडुलिंबाखालचीच जागा हवी होती. हिंगणघाटचा भंगारवाला गॅस कटर घेऊन आला. दीड टनाच्या आसपास लोखंड, किलोच्या भावाने. साग तेवढा मामांनी काढून घेतला. त्याचे पुढे गोठ्याचे दार झाले. कापायचे काम चालू होते तेव्हा मामा शेतावर निघून गेले. मी मात्र पावती घ्यायला थांबलो होतो.

मामा मला त्यावरून कधीच काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात जपली असेल, तर वीस हजार रुपये भरून तिला 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. चांगली गोष्ट आहे. पण नियमाची भाषा दुचाकींची आणि प्रवासी मोटारींची आहे. ओझे वाहिलेल्या गाडीला त्यात जागा नाही. राजेरजवाड्यांच्या मोटारी राहतील. ज्या गाड्यांनी ह्या मुलखाचा कापूस, सिमेंट आणि वऱ्हाडी मंडळी वाहिली, त्या राहतील असे दिसत नाही. आज वडनेरच्या चौकात 'छोटा हत्ती' उभा असतो, बोलेरो पिकअप उभी असते. तिच्या केबिनमध्येही कोणीतरी पोरगा मामाच्या शेजारी बसून बाजाराला जात असेल.

भाच्याच्या फोननंतर आठ दिवसांनी मी वडनेरला गेलो. मामा जाऊन बरीच वर्षे झाली. मामी नव्वदीच्या घरात, पण कान शाबूत. अंगणात कोंबड्या एका खोलगट थाळीतून पाणी पीत होत्या. मी वाकून पाहिले. शेवरलेटच्या चाकावरची टोपी. चाळीस वर्षे पाणी भरून भरून आत चुन्यासारखा थर बसलेला, पण कडेची अक्षरे बोटाला लागत होती. भंगारवाल्याच्या नजरेतून मामीने तेवढी वाचवली होती.

मी अमेरिकेतल्या लिलावाची गोष्ट सांगितली. आकडाही सांगितला. मामीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तिकडे कापूस नेतेत का त्यात अजून?"

"नाही मामी. नुसती ठेवतात. पाहायला."

"मंग काय कामाची!"

थोड्या वेळाने मीच धीर करून म्हटले, "मामी, ही टोपी मला द्याल का? घरी टेबलावर ठेवीन."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. मामांनी रकान्याकडे पाहिले होते तसे. मग म्हणाली, "नेजो. पन आधी कोंबड्यायसाठी दुसरं भांडं आन."

परवाच्या बाजारात मी हिंगणघाटहून एक पितळी परात घेतली आहे. दुकानदाराने सांगितला तोच भाव दिला.