वारा लागला, की विषाणू?

धार आणि देवास या पवारांच्या संस्थानांत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी घरांत, माळव्याच्या एखाद्या हिवाळी सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून ओघळू लागले आणि एक डोळा मिटेनासा झाला, की वडीलधारी मंडळी 'वारा लागला' असा निकाल देतात. आणि त्याच सुमारास एखादा खटला वा मुलीचे लग्न डोक्यावर असेल, तर 'चिंतेनेच घात केला' अशी पुरवणीही त्याला जोडतात. हा निकाल अगदीच अडाणी म्हणवत नाही. चरकानेही या विकाराला 'अर्दित' म्हणून वातव्याधींतच गणले आहे, आणि धारेच्या ज्या भोजराजाच्या नावावर 'राजमार्तंड' हा वैद्यकग्रंथ सांगतात, त्याच्या काळचे वैद्यही याच परिभाषेत बोलत.

चेहऱ्याचे स्नायू हालविणारा सातवा मज्जातंतू कानाजवळच्या हाडातील चिंचोळ्या नळीतून जातो. त्याला सूज आली तर भोवतीचे हाड तसूभरही सरकत नाही, आणि आपल्याच सुजेने तो चेपला जातो. १८२१ साली स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांनी चेहऱ्याच्या मज्जातंतूंचे विवेचन केले; त्यांचेच नाव या विकाराला चिकटले. सूज का येते? ओठांवर तापाचे फोड उठविणारा हर्पीस विषाणू मज्जातंतूच्या गाठीत वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो, आणि १९९६ साली जपानी संशोधकांना अनेक रुग्णांच्या मज्जातंतूतील द्रवात त्याचाच माग लागला.

मनस्तापाने प्रतिकारशक्ती खालावून हा विषाणू जागा होत असावा, ही उपपत्ती संभवनीय आहे. पण चिंतेविरुद्धचा पुरावा बव्हंशी ऐकीव साक्षीचाच. मधुमेह आणि गरोदरपणाचे अखेरचे महिने यांच्यावरील संशय अधिक सबळ. कानातील जुनाट पू, नागीण, क्वचित कुष्ठरोगही कारण ठरतो. कपाळाला आठ्या पडतात पण ओठ लोंबतो, किंवा हात, पाय, वाचा यांतही बिघाड आहे, तर मेंदूचा झटका समजून तत्क्षणी रुग्णालय गाठावे.

बेलच्या पक्षाघाताचे दहांतील सुमारे सात रुग्ण औषधावाचूनही पूर्ववत होतात, म्हणूनच मोहरीच्या तेलापासून ताईतापर्यंत प्रत्येक उपायाची कीर्ती अबाधित राहिली आहे. उरलेल्या तिघांत आपण असू की काय, हे मात्र पहिल्या दिवशी कोणाला कळत नाही. न मिटणाऱ्या डोळ्याचे बुबुळ सुकू नये म्हणून थेंब घालावेत, रात्री त्यावर पट्टी लावावी, आणि प्रेडनिसोलोन घ्यायचे की नाही हे डॉक्टरांना विचारावे, कारण ते पहिल्या ७२ तासांत सुरू केले तरच खरे उपयोगी पडते. तेवढ्या अवधीत मोठ्या शहरातला डॉक्टर गाठणे अवघड नाही: देवासहून इंदूर सुमारे ४० किलोमीटर आहे, आणि धारहून सुमारे ६५.