अनेक फाइलींच्या ग्रंथातील परिच्छेद-क्रमांक : दोष आणि दोषशोधन

भाषाशास्त्रीय ग्रंथातील परिच्छेदाचा क्रमांक हा केवळ वाचकाच्या सोयीसाठी नसतो. तो पुराव्याचा पत्ता असतो. मराठी भाषेच्या घडणीवरील झ्यूल ब्लॉक यांचा फ्रेंच ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला व पुढे वा. गो. परांजपे यांनी त्याचा मराठी अनुवाद केला. या ग्रंथातील परिच्छेदांचे क्रमांक प्रकरणांच्या सीमा ओलांडून सलग चालतात आणि म्हणून अभ्यासक बहुधा पृष्ठाचा नव्हे, तर परिच्छेदाचा निर्देश करतात. पृष्ठ आवृत्तीगणिक बदलते व भाषांतरात तर ते उरतच नाही. परिच्छेदाचा क्रमांक मात्र टिकू शकतो. तो चुकला, तर निर्देश दुसऱ्याच विधानाकडे जातो आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आज ग्रंथाची अक्षरजुळणी संगणकावर होते आणि मोठ्या ग्रंथाचे प्रत्येक प्रकरण बहुधा स्वतंत्र फाइलीत ठेवले जाते. येथेच अडचणीचा उगम आहे. उदाहरणादाखल केळझर येथील बोलीच्या वर्णनाचा एक ग्रंथ कल्पावा. केळझर हे वर्धा जिल्ह्यातील, नागपूर–वर्धा मार्गावरील गाव. ग्रिअर्सन यांनी १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात वऱ्हाडी व नागपुरी या दोहोंचे नमुने आहेत. त्या दोहोंच्या शेजारातील हा प्रदेश होय. ग्रंथाच्या तीन फाइली आहेत असे समजू : ध्वनिविचार, रूपविचार आणि वाक्यविचार. ध्वनिविचारात १ ते ४० परिच्छेद असून ‘डोळा’चे ‘डोया’ होणे परिच्छेद १२ मध्ये सांगितले आहे. रूपविचार ४१ पासून सुरू होतो आणि ‘मले’, ‘त्याले’ यांतील ‘-ले’ प्रत्ययाचे विवेचन परिच्छेद ५२ मध्ये येते. रूपविचाराची फाइल ४१ ऐवजी १ पासून मोजू लागली, तर ‘-ले’ प्रत्ययाचा परिच्छेदही १२ होईल आणि ‘पाहा : परिच्छेद १२’ या सूचनेला दोन अर्थ प्राप्त होतील.

दोष शोधण्यापूर्वी एक तत्त्व ध्यानी घेणे अवश्य आहे. स्वयंचलित क्रमांक हे परिच्छेदात लिहिलेले अक्षर नव्हे. ते मोजणीचे फलित होय. संगणकाच्या दृष्टीने ‘५२’ असे काही परिच्छेदात नसतेच. ‘या मालिकेतील पुढचा’ एवढीच आज्ञा तेथे असते. म्हणून चुकीचा क्रमांक दिसला असता तो क्रमांक दुरुस्त करावयाचा नसून मोजणी कोठे तुटली हे पाहावयाचे असते. फाइलीपुरती मोजणी ती फाइल स्वतः करते. परंतु आधीच्या फाइलीत काय झाले, हे तिला आपणहून ठाऊक नसते. ते ज्ञान फाइलींना एकत्र बांधणाऱ्या पुस्तक-फाइलीकडे असते. फ्रेममेकर व इनडिझाइन या दोन्ही प्रणालींत अशा फाइलीला ‘बुक’ म्हणतात. पुढील विवेचन मुख्यतः इनडिझाइनला अनुसरून आहे.

पहिले लक्षण : प्रत्येक फाइल १ पासून सुरू होते. येथे प्रथम क्रमांक-यादी तपासावी. प्रणालीची मूळ ‘डिफॉल्ट’ यादी एका फाइलीतून दुसरीत जात नाही. सलग क्रमांकासाठी स्वतंत्र नावाची यादी निर्माण करावी लागते आणि तिच्या व्याख्येत ‘कंटिन्यू नंबर्स फ्रॉम प्रीव्हियस डॉक्युमेंट इन बुक’ हा पर्याय निवडावा लागतो. यादीचे नाव सर्व फाइलींत तंतोतंत एकच हवे. एका फाइलीत ‘परिच्छेद’ व दुसरीत ‘परिच्छेद-क्रम’ असे नाव असेल, तर त्या दोन भिन्न मालिका ठरतात. एक फाइल आदर्श मानून तिच्यातील परिच्छेद-शैली व क्रमांक-याद्या बुकमधील ‘सिंक्रोनाइझ’ आज्ञेने इतरांत उतरविल्या, म्हणजे हा भेद नाहीसा होतो.

दुसरे लक्षण : फाइलीचा आरंभ बरोबर होतो, परंतु मध्येच क्रमांक पुन्हा लहान होतो. त्या ठिकाणी बहुधा दुसऱ्या फाइलीतून आणलेला मजकूर असतो व तो आपली जुनी शैली सोबत घेऊन आलेला असतो. अथवा तेवढ्याच परिच्छेदावर कोणी ‘स्टार्ट अ‍ॅट’ हा पर्याय लावलेला असतो. शैलीच्या नावापुढे अधिकचे चिन्ह दिसणे ही अशा स्थानिक बदलाची खूण होय. तो बदल काढून मूळ शैली पुन्हा लावावी.

तिसरे लक्षण : मधले क्रमांक गळालेले दिसतात. ४१ नंतर ४३ आला, तर ४२ कोणी घेतला ते शोधावे. भाषाशास्त्रीय ग्रंथात उदाहरण-वाक्यांनाही क्रमांक असतात. परिच्छेद व उदाहरणे चुकून एकाच यादीत एकाच पातळीवर बांधली गेली, तर दोघांची मोजणी एकमेकांत मिसळते. उदाहरणांना स्वतंत्र यादी देणे हाच उपाय.

चौथे लक्षण : संपूर्ण फाइलीचे क्रमांक एकाच अंतराने सरकलेले असतात. अशा वेळी दोष त्या फाइलीत नसून तिच्या आधी असतो. बुकमधील फाइलींचा क्रम पाहावा, एखादी फाइल वगळली गेली आहे का ते पाहावे, बुकच्या बाहेर उघडून कोणती फाइल बदलली गेली ते पाहावे आणि मग सर्व क्रमांक अद्ययावत करण्याची आज्ञा द्यावी. त्यानंतरच परस्पर-निर्देश अद्ययावत करावेत; हा क्रम उलटा झाल्यास निर्देशांत जुनेच आकडे राहतात. हाताने टंकलेले निर्देश तर कोणत्याच आज्ञेने बदलत नाहीत.

या सर्व प्रसंगी एक उपाय मोहात पाडतो : रूपविचाराच्या पहिल्या परिच्छेदाला ‘४१ पासून आरंभ’ असे सांगून मोकळे व्हावे. हा उपाय आज खरा दिसतो. उद्या ध्वनिविचारात एका परिच्छेदाची भर पडली की ४१ हा क्रमांक दोनदा येतो, आणि तो दोष शोधणाऱ्याला ‘४१’ हा आकडा मोजलेला नसून नेमलेला आहे, हे सहज कळत नाही.

ग्रंथ छापून झाल्यावर मात्र हा न्याय बदलतो. ‘लीळाचरित्रा’च्या शं. गो. तुळपुळे व वि. भि. कोलते यांच्या संपादनांत लीळांचे क्रमांक सर्वत्र जुळत नाहीत, म्हणून लीळेच्या क्रमांकासोबत संपादकाचे नावही सांगावे लागते. तेथे भेदाचे मूळ पोथ्यांच्या परंपरेत आहे. संगणकाच्या सोयीमुळे असा भेद निष्कारण निर्माण होऊ नये. प्रकाशनापूर्वी क्रमांकावर अधिकार मोजणीचा असतो; प्रकाशनानंतर तो निर्देश करणाऱ्या अभ्यासकांचा होतो. म्हणून पहिल्या आवृत्तीची छपाई झाल्यावर त्या फाइलींची एक प्रत वेगळी काढून तीतील क्रमांक साध्या मजकुरात रूपांतरित करावेत आणि दुसऱ्या आवृत्तीत नवा परिच्छेद घालावयाचा झाल्यास त्याला ‘५२ अ’ म्हणावे. ‘-ले’ प्रत्ययाचा परिच्छेद ५२ राहिला, म्हणजे पहिल्या आवृत्तीवरून लिहिलेल्या प्रबंधातील निर्देशही खरा राहतो.