सेंद्रिय व रासायनिक शेतीतील भुंगेऱ्यांची विविधता : पलूस परिसराच्या संदर्भात

आजवर वर्णन झालेल्या प्राणिजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती एकट्या भुंगेऱ्यांच्या, म्हणजे कोलिऑप्टेरा गणाच्या आहेत. मुबलक संख्या, मातीशी निगडित जीवनक्रम आणि आहारातील वैविध्य यांमुळे शेतजमिनीच्या स्थितीचा निर्देशक म्हणून अभ्यासक त्यांची गणना करीत आले आहेत. बेंग्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. सेंद्रिय शेतात सजीवांच्या जातींची संख्या सरासरीने सुमारे ३० टक्के अधिक असते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. असे अभ्यास मुख्यत्वे युरोप व उत्तर अमेरिकेत झाले आहेत. कृष्णाकाठच्या पलूस तालुक्यातील ऊस आणि द्राक्षाच्या शेतीस हा निष्कर्ष कितपत लागू पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पलूसच्या शेतकऱ्यास भुंगेरा म्हटले की प्रथम हुमणी आठवते. होलोट्रिकिया सेराटा या जातीचे भुंगेरे वळवाच्या किंवा मोसमी पावसाच्या पहिल्या सरींनंतर तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात, बाभूळ, कडुनिंब, बोर यांच्या पानांवर उपजीविका करतात आणि पुन्हा जमिनीत शिरून अंडी घालतात. अळी प्रथम सेंद्रिय पदार्थांवर व नंतर उसाच्या मुळांवर जगते. नदीकाठच्या जमिनीत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा ही दुसरी जात आढळते. तिचे प्रौढ भुंगेरे पाने फारशी खात नाहीत, त्यामुळे झाडे हलवून भुंगेरे गोळा करण्याची मोहीम तिच्यापुढे निष्प्रभ ठरते.

येथेच सेंद्रिय शेतीचा प्रश्न अवघड होतो. अर्धवट कुजलेले शेणखत शेतात घातले असता हुमणीच्या वाढीस अनुकूल स्थिती निर्माण होते. म्हणजे सेंद्रिय शेतात भुंगेऱ्यांची संख्या अधिक आढळली, तरी ती वार्ता शेतकऱ्यास आनंदाची असेलच असे नाही. उलटपक्षी, उकिरड्यात सापडणारी प्रत्येक पांढरी, बाकदार अळी हुमणीचीच असते हा समजही चुकीचा आहे. तेथे पुष्कळदा गेंडा भुंग्याच्या अळ्या असतात. त्या कुजके पदार्थ खातात. उसाच्या मुळांना त्यांचा उपद्रव नसतो. अळीच्या शेवटच्या खंडाच्या खालील बाजूस असलेल्या काट्यांची मांडणी भिंगाखाली पाहिल्यास फरक कळतो. ही ओळख न पटवता जमिनीत विषारी दाणेदार औषध टाकले गेले, तर खर्च वाया जातोच आणि मातीतील इतर भुंगेरेही मरतात. हुमणीसाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे फोरेट भारतात २०२० अखेर बंद झाले. मेटारायझियम ही बुरशी हा जैविक पर्याय उपलब्ध आहे. मात्र तिला जमिनीत ओलावा लागतो.

परभक्षी भुंगेऱ्यांचे चित्र निराळे आहे. द्राक्षबागेत पिठ्या ढेकणावर क्रिप्टोलिमस हा ढालकिडा सोडतात. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा कीटक १८९८ मध्ये भारतात आणला गेला. बागेत तो सोडून लगोलग तीव्र कीटकनाशक फवारले तर हेतूच फसतो. सांगली जिल्ह्यात २००२ च्या जुलैमध्ये उसावर लोकरी मावा प्रथम आढळला, तेव्हाही नैसर्गिक शत्रूंचे महत्त्व प्रत्ययास आले. त्या शत्रूंत ढालकिडे होते. तथापि कामाचा मोठा वाटा डायफा या पतंगाच्या अळीने व मायक्रोमस या जाळीदार पंखांच्या कीटकाने उचलला. केवळ भुंगेरे मोजणाऱ्या अभ्यासकाने ही मर्यादा ध्यानी ठेवावी.

जमिनीवर रात्री शिकार करणाऱ्या कॅराबिडी कुलातील भुंगेऱ्यांना दिवसा आसरा लागतो. उसाचे पाचट सरीत राहू दिले तर तो मिळतो, पेटवले तर जातो. म्हणून पाचट ठेवणारा रासायनिक खतांचा शेतकरी आणि पाचट जाळणारा सेंद्रिय शेतकरी यांची तुलना केल्यास निकाल अपेक्षेच्या विरुद्ध येऊ शकतो. सेंद्रिय प्रमाणपत्राने शेतात काय वापरले नाही हे मुख्यतः कळते. बांधावर झाडे आहेत काय, पाण्याचा अतिरेक होतो काय, हे वेगळे नोंदवावे लागते. शिवाय येथील शेते लहान व परस्परांना लागून असल्याने उडणारे भुंगेरे बांध ओलांडतात.

महाविद्यालयीन स्तरावर असा अभ्यास हाती घेताना काठ जमिनीच्या पातळीत येईल असे पेले पुरून भुंगेरे पकडण्याची पद्धत अल्पखर्चाची आहे. परंतु तिच्यात अधिक फिरणाऱ्या जाती अधिक सापडतात. हुमणीची अळी तर सापडतच नाही. तिच्यासाठी ठरावीक मापाचे खड्डे खणून माती चाळावी लागते. पकडलेल्या भुंगेऱ्यांची एकच बेरीज न करता मुळे खाणारे, शिकार करणारे आणि शेण व कुजके पदार्थ खाणारे अशी वेगळी गणना करावी. नमुने घेण्याचा काळ पहिल्या पावसापूर्वी सुरू व्हावा, कारण परीक्षा व सुट्ट्या आटोपून जुलैत सुरुवात केल्यास हुमणीच्या भुंगेऱ्यांचा मुख्य उदय बहुधा होऊन गेलेला असतो.