बाह्लीक, पारसीक, खुरासानी : इराण-उझबेकिस्तान संबंध आणि आपली औषधिद्रव्ये

आपल्या निघंटूंत हिंगाला ‘बाह्लीक’ असा एक पर्याय दिलेला आहे. भावप्रकाशकारांनी केशराचे काश्मीर, बाह्लीक आणि पारसीक असे तीन भेद सांगितले आहेत. ‘पारसीक यवानी’ ही आपल्या दुकानांतील बरणीवर ‘खुरासानी ओवा’ या नावाने आढळते. बाह्लीक म्हणजे आजच्या अफगाणिस्तानाच्या उत्तरेकडील बल्खचा परिसर. तेथून आमू दर्या नदी ओलांडली की उझबेकिस्तान लागतो. पारस म्हणजे इराण. आणि खुरासान हा इराणचा ईशान्य भाग, ज्याची व्याप्ती पूर्वी थेट आमू दर्यापर्यंत मानली जात असे. निघंटुकारांनी द्रव्याच्या नावातच त्याचा पत्ता लिहून ठेवला, असे म्हणण्यास हरकत नाही.

आज या पत्त्यावर स्वतंत्र राष्ट्रे उभी आहेत. त्यांतील इराण व उझबेकिस्तान यांचे परस्परसंबंध हा विषय वरवर पाहता परराष्ट्र खात्याचा वाटेल. परंतु हिंग आणि ज्येष्ठमध ही दोन द्रव्ये आपल्या भांडारात कोणत्या प्रतीची व किती भरवशाने येतात, याचा या संबंधांशी जवळचा संबंध आहे. म्हणून वैद्यबंधूंनी आणि औषधिनिर्मात्यांनी त्यांकडे लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.

एक परंपरा, दोन वारसदार

दहाव्या शतकात बुखारा ही सामानी राजवटीची राजधानी होती. तेथील राज्यकर्ते फारसी भाषेचे आश्रयदाते होते. याच बुखाऱ्याजवळील अफशाना गावी इ. स. ९८० मध्ये अबू अली इब्न सीना जन्मला. तरुण वयातच त्याने सामानी सुलतान नूह याच्यावर उपचार केले आणि त्यामुळे त्याला राजग्रंथालयाचे दार खुले झाले. पुढे सामानी राज्य कोसळले व तो ख्वारिझम, गुरगान, रय अशा मार्गाने हमदान येथे पोहोचला. ‘अल्-कानून फित्-तिब्ब’ हा त्याचा पाच भागांचा ग्रंथ याच प्रवासात सिद्ध झाला. त्यातील दुसरा भाग एकेरी द्रव्यांचा, तर पाचवा भाग कल्पांचा आहे. १०३७ मध्ये हमदान येथेच त्याचे निधन झाले.

म्हणजे जन्मस्थान आज उझबेकिस्तानात आणि समाधी इराणात! बुखाऱ्याच्या वैद्यकीय संस्थेला त्याचे नाव आहे, हमदानच्या विद्यापीठालाही त्याचेच नाव आहे. इराणमध्ये २३ ऑगस्ट हा त्याच्या स्मरणार्थ वैद्यदिन म्हणून पाळतात.

त्याचा समकालीन अल्-बिरूनी हा ख्वारिझमचा. ते ठिकाण आज उझबेकिस्तानात आहे. भारताविषयीच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याने चरकाचा ग्रंथ हिंदूंच्या वैद्यकात श्रेष्ठ मानला जातो, अशी नोंद केली आहे. उतारवयात त्याने ‘किताब अस्-सैदना’ हा द्रव्यपरिचयाचा ग्रंथ हाती घेतला. एकाच द्रव्याला अरबी, फारसी, ग्रीक, सुरियानी व भारतीय भाषांत काय म्हणतात, हे त्यात दिले आहे. नावांच्या गोंधळामुळे चुकीचे द्रव्य रुग्णाच्या पोटात जाऊ नये, ही चिंता त्यालाही होती.

लोकजीवनातही हा सामाईक वारसा दिसतो. नवरोजला इराणमध्ये मोड आलेल्या गव्हापासून ‘समनू’ करतात. उझबेकिस्तानात तेच ‘सुमलक’ नावाने रात्रभर ढवळत शिजवतात. इराणी घरांत ‘इस्पंद’ आणि उझबेक घरांत ‘इसिरिक’ म्हणून ज्या वनस्पतीची धुरी देतात, ती आपली हरमल. औषधाच्या दुकानाला इराणमध्ये ‘दारूखाना’ म्हणतात व उझबेक भाषेत ‘दोरिखोना’. आपल्या ‘दवादारू’ या शब्दातील दारू तीच. २००९ मध्ये युनेस्कोने नवरोजला मानवाच्या अमूर्त वारशात स्थान दिले, त्या संयुक्त प्रस्तावात इराण आणि उझबेकिस्तान यांच्यासह भारतही होता.

मैत्री आणि संशय

सांस्कृतिक जवळीक असली की राजकीय जवळीक असतेच, असे नाही. १५१० मध्ये मर्वच्या लढाईत इराणचा शाह इस्माईल याने उझबेक शैबानी खानाचा वध केला. पुढे खुरासानवरून दोन्ही सत्तांमध्ये दीर्घकाळ संघर्ष चालला. शिया आणि सुन्नी या पंथभेदाची त्यात भर पडली.

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर १९९१ मध्ये उझबेकिस्तान स्वतंत्र झाला. १९९२ मध्ये त्याचे इराणशी राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि त्याच वर्षी त्याने तेहरान येथे मुख्यालय असलेल्या आर्थिक सहकार्य संघटनेत प्रवेश केला. तरीही राष्ट्राध्यक्ष इस्लाम करीमोव्ह यांच्या मनात इराणच्या धार्मिक राजवटीविषयी शंका होती. ताजिकिस्तानातील यादवीमुळे ती अधिकच वाढली. १९९५ मध्ये अमेरिकेने इराणवर व्यापारबंदी लादली, तेव्हा तिला उघड पाठिंबा देणाऱ्या मोजक्या देशांत उझबेकिस्तान होता.

२०१६ मध्ये करीमोव्ह यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर आलेल्या शवकत मिर्झियोयेव्ह यांनी शेजाऱ्यांशी व्यवहार मोकळा केला. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इराणचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष इब्राहिम रईसी समरकंदला गेले. जून २०२३ मध्ये मिर्झियोयेव्ह तेहरानला आले. उझबेक राष्ट्राध्यक्षांची वीस वर्षांतील ती पहिलीच इराणभेट होती. त्यानंतरच्याच महिन्यात, भारताच्या यजमानपदाखालील परिषदेत, इराण शांघाय सहकार्य संघटनेचा पूर्ण सदस्य झाला. उझबेकिस्तान तेथे आधीपासूनच होता.

समुद्राकडे जाणारी वाट

या मैत्रीचे खरे कारण भूगोलात आहे. ज्याला स्वतःला समुद्र नाही आणि ज्याच्या एकाही शेजाऱ्याला महासागर लाभलेला नाही, असे जगात दोनच देश आहेत : युरोपातील लिख्टेनश्टाईन आणि उझबेकिस्तान. इराणशी त्याची सीमाही लागत नाही. मध्ये तुर्कमेनिस्तान व अफगाणिस्तान आहेत. दक्षिणेकडील समुद्र गाठायचा तर तुर्कमेनिस्तान ओलांडून इराणचे बंदर अब्बास, हा त्याचा सोयीचा मार्ग. १९९६ मध्ये तेजेन-सरख्स-मशहद हा लोहमार्ग सुरू झाला आणि मध्य आशियाची रेल्वे इराणच्या रेल्वेला जोडली गेली. मात्र रुळांची रुंदी निराळी असल्याने सरहद्दीवर डब्यांची चाके बदलावी लागतात किंवा माल उतरवून पुन्हा भरावा लागतो.

भारतही या वाटेशी जोडला गेला आहे. २०११ मध्ये इराण, ओमान, तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान आदी देशांनी केलेल्या अश्गाबाद करारात भारत २०१८ मध्ये सामील झाला. चाबहार बंदराच्या संयुक्त वापरासाठी भारत, इराण व उझबेकिस्तान यांची पहिली त्रिपक्षीय बैठक डिसेंबर २०२० मध्ये झाली. मे २०२४ मध्ये भारताने या बंदरासाठी दहा वर्षांचा करार केला. परंतु या बंदरासाठी २०१८ मध्ये दिलेली निर्बंधांतील सवलत अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मागे घेतली आणि पुढच्याच महिन्यात काही महिन्यांपुरती पुन्हा दिली. त्याआधी जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल युद्धही झाले होते. दोन राष्ट्रे एकमेकांशी कितीही सौजन्याने वागली, तरी त्यांच्यामधील वाट तिसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून राहते, हा यातील बोध.

हिंग आणि ज्येष्ठमध

हिंगाची झुडपे इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशियाच्या कोरड्या प्रदेशांत वाढतात. इराणी लोक त्यास ‘अंगूजा’ म्हणतात, उझबेक लोक ‘कोव्राक’. इराणमधील प्रमुख जाती आणि उझबेकिस्तानात आढळणाऱ्या जाती एकाच कुलातील असल्या तरी एक नव्हेत. त्यामुळे निर्यासाचा गंध, रंग आणि तीक्ष्णता यांत फरक पडतो.

हे झुडूप अनेक वर्षे वाढते, आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. निर्यासासाठी मूळ पुनःपुन्हा छेदले की ते फुलण्यापूर्वीच मरते व बी पडत नाही. भारतात हिंगाला मागणी मोठी, म्हणून तेथील वाळवंटांत छेदन अधिक. त्यामुळे उझबेकिस्तानात २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने कोव्राकच्या लागवडीस चालना देण्यात आली. आपल्याकडेही पालमपूरच्या संस्थेने इराणहून बी आणून ऑक्टोबर २०२० मध्ये लाहौल खोऱ्यात लागवड केली. पण रोप उत्पन्न देण्याजोगे होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात.

ज्येष्ठमधाचे तसेच. आमू दर्याच्या काठी, विशेषतः काराकल्पाकस्तानात, ते विपुल उगवते. इराणमधूनही त्याची निर्यात होते. कापसाच्या पाटपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी सुधारण्यास ही वनस्पती साहाय्यक ठरते. मात्र तिचे मूळ खणून नेले की हा उपकारही संपतो.

आपले कर्तव्य

हिंग्वाष्टक चूर्णात आठ द्रव्ये समभाग आहेत. त्यात शुद्ध हिंगाऐवजी डिंक व पीठ मिसळलेले बांधानी हिंग घातले, तर समभाग हा शब्द कागदावरच राहतो. रुग्णाच्या आध्मानास उतार पडला नाही, तर दोष योगाला लागतो. माल दुर्मिळ झाला आणि भाव चढला, की हा मोह वाढतो. सरख्सच्या सरहद्दीवर अडलेल्या मालाचा परिणाम अशा रीतीने आपल्या रुग्णापर्यंत पोहोचू शकतो.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. हिंग व ज्येष्ठमध खरेदी करताना देश आणि वनस्पतीची जात बिलावर लिहून मागावी. औषधासाठी कच्चे हिंग व स्वयंपाकासाठी बांधानी हिंग यांच्या बरण्या व नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. एकाच देशावर किंवा एकाच व्यापाऱ्यावर विसंबू नये. संघटनेच्या जिल्हा शाखांनी एकत्र खरेदी करून प्रत्येक खेपेचे परीक्षण करून घेतल्यास लहान औषधिनिर्मात्यांनाही ते परवडेल. जो व्यापारी लागवडीचा माल आणतो, त्याला थोडा अधिक भाव देण्याची तयारी आपण ठेवावी.

‘बाह्लीक’ लिहून निघंटुकारांनी द्रव्याचा उगम नोंदवला. तीच नोंद आज आपल्या खरेदीवहीत व्हावी, एवढीच आमची विनंती आहे.