दुय्यम, पण गौण नव्हे

४ जुलै २०२३ रोजी बंगळुरूच्या श्री कंठीरव स्टेडियमवर भारताने कुवेतचा पेनल्टीच्या फेरीत ५-४ असा पराभव केला आणि दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेचे, म्हणजे ‘सॅफ’चे, अजिंक्यपद नवव्यांदा मिळविले. कर्णधार सुनील छेत्री आणि गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू यांचा त्या वेळी गौरव झाला व तो यथायोग्यच होता. तथापि त्या सायंकाळी मैदानाच्या कडेला उभे राहून संघाला सूचना देणारे गृहस्थ मुख्य प्रशिक्षक नव्हते, ही गोष्ट विजयाच्या जल्लोषात मागे पडली.

मुख्य प्रशिक्षक होते क्रोएशियाचे इगोर स्टिमाच. पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात प्रतिस्पर्धी खेळाडूच्या हातचा चेंडू उडविल्याबद्दल पंचांनी त्यांना लाल कार्ड दाखविले. पुढे कुवेतविरुद्धच्या साखळी सामन्यातही तसेच घडले आणि त्यांच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. परिणामी नेपाळविरुद्धचा साखळी सामना, लेबाननविरुद्धचा उपांत्य सामना आणि अंतिम सामना या तिन्ही प्रसंगी संघाची सूत्रे सहायक प्रशिक्षक महेश गवळी यांच्याकडे होती. गवळी हे गोव्याचे, भारतीय संघाचे माजी बचावपटू. नेपाळवर भारताने २-० असा विजय मिळविला. पुढील दोन्ही सामने पेनल्टीवर जिंकले.

तीन सामन्यांवरून सिद्धांत मांडणे शास्त्राला धरून होणार नाही. सरावाची आखणी स्टिमाच यांचीच होती आणि पेनल्टीच्या फेरीत दैवाचाही वाटा असतोच. परंतु या प्रसंगाने एक प्रश्न निश्चित उपस्थित केला. राष्ट्रीय संघाच्या यशापयशात दुय्यम प्रशिक्षकाचे स्थान नेमके कोणते?

मोजमापाची अडचण

या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येत नाही, याचे कारण अर्थशास्त्रात सापडते. आर्मेन अल्चियन आणि हॅरॉल्ड डेमसेट्झ या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात साधे उदाहरण दिले होते. दोन माणसे मिळून जड ओझी मालमोटारीत चढवीत असतील, तर दिवसाअखेर किती ओझी चढली हे मोजता येते. पण त्यांतली कोणी किती चढविली, हे सांगता येत नाही. सामूहिक उत्पादनात व्यक्तीचा हिस्सा वेगळा काढणे दुष्कर असते.

फुटबॉल हा अशा सामूहिक उत्पादनाचा उत्तम नमुना होय. गोल करणाऱ्याच्या नावे गोल लागतो, मुख्य प्रशिक्षकाच्या नावे जय-पराजय लागतात. सहायकासाठी मात्र कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. ज्याचे मोजमाप होत नाही त्याचे मोलही नाही, असा समज मग सहज रूढ होतो. संघ हरला की मुख्य प्रशिक्षकाचा राजीनामा मागायचा आणि त्याच्याबरोबर साऱ्या सहायकांनाही निरोप द्यायचा, ही प्रथा याच समजातून निर्माण झाली आहे.

वेळेचा तुटवडा

क्लबचा प्रशिक्षक आपल्या खेळाडूंना रोज पाहतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाचे तसे नसते. फिफाने ठरवून दिलेल्या मुदतीत, एका खेपेस जेमतेम नऊ-दहा दिवस, खेळाडू त्याच्या हाती येतात. त्यांतले काही दिवस प्रवासात व विश्रांतीत जातात आणि दोन सामनेही त्याच मुदतीत उरकावे लागतात.

वसईच्या किल्ल्यालगत पाचूबंदरचा कोळीवाडा आहे. तेथील डोल जाळ्याच्या मासेमारीशी ज्याचा परिचय आहे, त्याला ही अडचण चटकन उमगेल. खुंटांना बांधलेले हे जाळे भरती-ओहोटीच्या ओढीवर भरते आणि पाण्याची ओढ मंदावली की थोडक्या अवधीत ते उचलावे लागते. समुद्र कोणासाठी थांबत नाही. नाव कोठे न्यायची आणि केव्हा परतायचे, हा निर्णय तांडेलाचा. पण त्या अवधीत जाळे ओढणे, मासळी काढणे आणि नाव सांभाळणे ही कामे तो एकटा करू शकत नाही. खलाशांना आपापले काम आधीच ठाऊक असावे लागते. ऐन वेळी शिकवीत बसायला सवड नसते.

राष्ट्रीय संघाचीही तीच गत आहे. एरवीच्या महिन्यांत क्लबांचे सामने पाहून कोणता खेळाडू लयीत आहे, कोणाची दुखापत बरी झालेली नाही, प्रतिस्पर्ध्याचा बचाव कोठे कच्चा आहे, ही माहिती गोळा करणे. शिबिरात गोलरक्षकांचा, बचावफळीचा, कोपऱ्यावरून येणाऱ्या चेंडूंचा सराव वेगवेगळा घेणे. परदेशी मुख्य प्रशिक्षकाचे म्हणणे तरुण खेळाडूच्या गळी उतरविणे आणि खेळाडूची कुरबूर वर पोहोचविणे, ही कामे प्रामुख्याने सहायकांची असतात. वेळ जितका थोडा, तितकी पूर्वतयारीची किंमत अधिक.

२००६ च्या विश्वचषकातला एक कागदाचा तुकडा या संदर्भात प्रसिद्ध आहे. ३० जून रोजी बर्लिनमध्ये जर्मनी आणि अर्जेंटिना यांच्यातील उपांत्यपूर्व सामना पेनल्टीवर गेला. जर्मनीचे गोलरक्षक-प्रशिक्षक आंद्रेआस क्योप्के यांनी अर्जेंटिनाचे कोणते खेळाडू चेंडू सहसा कोणत्या बाजूस मारतात, याची टिपणे गोलरक्षक येन्स लेमान याच्या हाती दिली होती. लेमानने दोन पेनल्टी अडविल्या व जर्मनी जिंकली. गंमत अशी, की शेवटची पेनल्टी मारणाऱ्या एस्तेबान काम्बियासोचे नाव त्या कागदावर नव्हतेच! लेमानने तरीही कागद काढून वाचल्यासारखे केले आणि काम्बियासोची पेनल्टी अडविली. आज तो कागद बॉनच्या संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. गोलरक्षक-प्रशिक्षकाच्या कामाचा असा दृश्य पुरावा क्वचितच हाती लागतो.

संस्थेची स्मृती

सहायकाचे दुसरे कार्य याहूनही मोलाचे आहे. सरकारी कचेरीत साहेब बदलतात, पण फायलींचा इतिहास जाणणारा जुना कारकून टिकून असतो, म्हणून कामकाज अडत नाही. राष्ट्रीय संघालाही अशा स्मृतीची गरज असते.

जर्मनांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. १९५४ साली पश्चिम जर्मनीला विश्वविजेतेपद मिळवून देणारे सेप हेर्बेर्गर यांच्यानंतर त्यांचेच सहायक हेल्मुट श्यॉन आले आणि त्यांनी १९७४ चा विश्वचषक जिंकला. श्यॉन यांच्यानंतर त्यांचे सहायक युप डेरवाल आले आणि १९८० मध्ये युरोपीय अजिंक्यपद मिळाले. २००६ साली युर्गेन क्लिन्समन यांचे सहायक असलेले योआखिम ल्योव यांनी २०१४ मध्ये विश्वचषक आणला. अर्जेंटिनाचे लिओनेल स्कालोनी हे तर २०१८ च्या विश्वचषकातील अपयशी प्रशिक्षक साम्पाओली यांच्या ताफ्यातले. त्या अपयशानंतर हंगामी म्हणून नेमलेल्या या गृहस्थांनीच २०२२ चा विश्वचषक जिंकून दाखविला.

अर्थात प्रत्येक सहायक पुढे यशस्वी मुख्य प्रशिक्षक होतोच, असे नव्हे. ल्योव यांचे विश्वविजयातील साथीदार हान्सी फ्लिक राष्ट्रीय संघाचे प्रमुख झाले, पण २०२२ मध्ये संघ साखळीतच गारद झाला आणि पुढील वर्षी त्यांना पद सोडावे लागले. दुसऱ्या क्रमांकाचे काम उत्तम करणे आणि पहिल्या क्रमांकाचा भार पेलणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. म्हणूनच सहायकपद ही केवळ बढतीची पायरी न मानता स्वतंत्र व्यवसाय मानला पाहिजे.

आपल्याकडे काय?

भारतात जून २०२४ मध्ये स्टिमाच यांना दूर करण्यात आले, जुलैत स्पेनचे मानोलो मार्केझ आले, वर्षभरात तेही गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांची नेमणूक झाली. म्हणजे सुमारे चौदा महिन्यांत तीन प्रमुख. मुंबईच्या फुटबॉलशी दीर्घकाळ निगडित असलेल्या जमील यांची स्वतःची वाटचालही बोलकी आहे. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने आपल्या परदेशी प्रशिक्षकास मोसमाच्या मध्यावर निरोप दिला, तेव्हा सहायक असलेल्या जमील यांनी संघ हाती घेऊन त्याला उपांत्य फेरीत नेले. आधीपासून आत असलेला माणूस हाताशी नसता, तर तो मोसम बहुधा नव्या ओळखी करून घेण्यातच सरला असता.

सहायक प्रशिक्षक ही जादूची कांडी नव्हे, हेही तितकेच खरे. जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकात भारताने तिन्ही सामने गमावले आणि एकही गोल केला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरने २-१ असे हरविल्यामुळे २०२७ च्या आशियाई चषकाचा मार्गही बंद झाला. गोल करणारे खेळाडू शिबिरात तयार होत नाहीत. ते शाळांच्या, जिल्ह्यांच्या आणि कुमारांच्या स्पर्धांतून यावे लागतात. शिवाय घटत्या फलाचा नियम येथेही लागू आहे. पहिला सहायक, गोलरक्षकांचा शिक्षक, खेळाचे विश्लेषण करणारा तज्ज्ञ यांचा उपयोग मोठा. पण दहावा माणूस आला की सल्ले वाढतात आणि खेळाडू गोंधळतात.

म्हणून संख्या वाढविण्यापेक्षा व्यवस्था सुधारणे अगत्याचे आहे. किमान एका भारतीय सहायकाचा करार मुख्य प्रशिक्षकाच्या मुदतीशी न बांधता थेट महासंघाशी असावा. प्रत्येक शिबिराची व सामन्याची लेखी नोंद ठेवून ती पुढील प्रशिक्षकाच्या हाती देण्याची जबाबदारी त्याच्यावर असावी. दोन शिबिरांमधल्या काळात त्याला देशभर सामने पाहण्याचे काम व त्याचा खर्च मिळावा. या गोष्टींना लागणारा पैसा परदेशी प्रशिक्षक मुदतीपूर्वी बदलण्याच्या खर्चापुढे किरकोळच ठरेल.

महासंघ नवा राष्ट्रीय प्रशिक्षक नेमतो तेव्हा त्याचा पूर्वेतिहास, त्याचे वेतन, त्याची आवडती व्यूहरचना यांची वृत्तपत्रांतून सविस्तर चर्चा होते. त्याच वेळी त्याच्या शेजारी कोण बसणार आणि तो गेल्यावर कोण राहणार, हेही महासंघाला विचारले गेले पाहिजे.