बिरसीला उतरल्यावर

गोंदियाच्या विमानतळाकडे येणारं विमान खाली उतरू लागलं की खिडकीतून प्रथम दिसतात धानाच्या बांध्या आणि त्यांच्यामध्ये पसरलेले तलाव. उंच इमारती नाहीत, उड्डाणपूल नाहीत. गोंदिया शहराच्या ईशान्येला साधारण बारा किलोमीटरवर बिरसी नावाचं गाव आहे आणि त्याच्या शिवारात ही धावपट्टी आहे. इथं उतरणारे बहुतेक प्रवासी गाडीत बसतात आणि थेट शहर किंवा बालाघाट गाठतात. त्यांच्या हातून बरंच काही निसटतं, कारण या विमानतळाच्या परिसरातच महाराष्ट्रातल्या अत्यंत दुर्मीळ पक्ष्यांपैकी एक नांदतो आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, चिचगडपर्यंत, तलाव, जंगल आणि गोंड परंपरेची पवित्र स्थळं आहेत.

बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी 1940 मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. 1998 मध्ये ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि डिसेंबर 2005 मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. पुढे प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई ही कंपनी यांनी मिळून इथं वैमानिक घडवणारी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी केली. म्हणूनच या भागात दिवसभर प्रवासी विमानांपेक्षा प्रशिक्षणाची छोटी विमानंच जास्त घिरट्या घालताना दिसतात.

नियमित प्रवासी सेवा मात्र अगदी अलीकडची. 13 मार्च 2022 रोजी ‘उडान’ योजनेतून इंदूर–गोंदिया–हैदराबाद विमान सुरू झालं आणि काही महिन्यांत थांबलं. 1 डिसेंबर 2023 पासून इंडिगोचं विमान हैदराबादमार्गे तिरुपतीला जाऊ लागलं. लहान विमानतळांवरचे मार्ग आणि वेळा बदलत राहतात. त्यामुळे मुक्कामाचं आरक्षण करण्याआधी त्या आठवड्याचं वेळापत्रक पाहून घ्यावं आणि रेल्वेचा पर्यायही हाताशी ठेवावा. मुंबई–हावडा मार्गावरचं गोंदिया हे मोठं जंक्शन आहे. नागपूर इथून रेल्वेनं सुमारे 130 किलोमीटर, आणि गाड्या भरपूर.

विमानतळाबाहेर महानगरासारखी टॅक्सींची रांग मिळेल, असं गृहीत धरू नये. गाडी गोंदियातून आधीच ठरवावी आणि ठरवताना दिवसभराचा हिशोब बोलून घ्यावा. विमानतळाच्या कुंपणाजवळ थांबून ड्रोन उडवण्याचा मोह टाळावा. प्रशिक्षणाची विमानं कमी उंचीवरून जात असतात आणि परवानगीशिवाय तिथं ड्रोन उडवणं बेकायदेशीर आहे.

पहिली सकाळ मात्र याच परिसराला द्यावी. कामठा, झिलमिली, परसवाडा ही गावं आणि त्यांचे तलाव म्हणजे सारसांचा मुलूख. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच. पूर्ण वाढ झालेला पक्षी जवळजवळ माणसाएवढा, राखाडी अंगाचा आणि लालभडक मानेचा. महाराष्ट्रात आज तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि थोडाफार भंडाऱ्यात उरला आहे. वैनगंगा आणि बाघ या नद्यांपलीकडच्या बालाघाटातही त्याची वस्ती आहे. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत नाहीतर तलावाच्या उथळ पाण्यात गवताचं मोठं घरटं रचतो. अंडी साधारण दोन. म्हणजे या पक्ष्याचं जगणं अभयारण्याच्या कुंपणात नाही, तर शेतकऱ्याच्या शेतात चालतं. शेतकऱ्यानं घरट्याभोवतीचं धान राखलं, तरच पिल्लू वाढतं.

विजेच्या तारा, कीटकनाशकं आणि आटत चाललेले तलाव यांमुळे सारसांवर संकट आलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. वनविभाग आणि स्थानिक पक्षिमित्र दरवर्षी सारसांची गणना करतात. पाहुण्यानं पाळायचे नियम साधे आहेत. सूर्योदयाच्या सुमारास पोहोचावं, दुर्बीण आणावी, धुऱ्यावरून चालावं आणि उभ्या पिकात पाय घालू नये. घरटं दिसलंच तर लांबूनच पाहावं आणि त्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. फोटोसाठी जवळ गेलं की पक्षी अंडी सोडून उठतो. सारस सहज दिसावेत असं वाटत असेल, तर उन्हाळा बरा. पाणी कमी झालं की ते उरलेल्या तलावांवर गोळा होतात. हिवाळ्यात त्याच पाण्यावर स्थलांतरित बदकं उतरतात.

दुसरी दिशा पूर्वेची. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आमगाव, सालेकसा आणि दरेकसा ही स्थानकं लागतात. दरेकसाजवळ हाजरा फॉल आहे. पाऊस चांगला झाला की जुलैपासून पुढचे काही महिने तो पाहण्यासारखा असतो. ओल्या खडकांवर चढणं आणि धबधब्याखालच्या डोहात उतरणं टाळावं.

याच भागात धनेगावजवळ कचारगडच्या गुहा आहेत. गोंडी परंपरेनुसार काली कंकालीची मुलं या गुहेत कोंडली गेली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या पुढाकारानं ती सुटली, आणि गुहेच्या तोंडावरची शिळा हलवताना संगीतकार हिरासुका पाटालीर यांनी प्राण गमावले, असं परंपरा सांगते. माघ पौर्णिमेला इथं कोया पुनेमची, म्हणजे गोंडी धर्माची, मोठी यात्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा अनेक राज्यांतून आदिवासी भाविक लाखोंच्या संख्येनं येतात. यात्रेच्या दिवसांत जायचं असेल, तर ही सहल नसून लोकांची श्रद्धा आहे, एवढं ध्यानात ठेवावं. ‘जय सेवा’ म्हणून नमस्कार करावा आणि पूजेचे फोटो विचारूनच काढावेत. एरवी जाणाऱ्यानं चढणीसाठी चांगले बूट, पिण्याचं पाणी आणि बॅटरी सोबत घ्यावी.

तिसरी दिशा दक्षिणेची. ती सर्वांत लांबची असल्यामुळे तिला वेगळा मुक्काम द्यावा.

गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्ग आणि त्याला समांतर जाणारे रस्ते नवेगावबांधच्या दिशेनं नेतात. इथला विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगितलं जातं. तलाव बांधण्याची विद्या कोहळी समाजानं पूर्व विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या जपली. मालगुजारांच्या काळात असे हजारो तलाव झाले, म्हणून लोक त्यांना आजही ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. या तलावांनीच धान आणि मासळी दोन्ही पोसली. नवेगावला 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि 2013 मध्ये नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून या तलावाकाठी बरीच वर्षं काढली आणि मराठी वाचकांना हे जंगल ओळखीचं करून दिलं. सफारीचं आरक्षण आधी करावं. पावसाळ्यात सफारी बंद असते.

नवेगावबांधच्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण आहे. जवळच्या प्रतापगडावर महादेव आणि दर्गा शेजारी शेजारी आहेत. गोठणगावच्या बाजूला 1970च्या दशकात वसलेली तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहतही याच परिसरात आहे.

आणि मग चिचगड. मुंबई–कोलकाता महामार्गावरच्या देवरीहून दक्षिणेकडे वळलं की वीसेक किलोमीटरवर हे गाव लागतं. इंग्रजी काळात चिचगड ही जंगलानं व्यापलेली जमीनदारी होती. आजही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग, मोह आणि तेंदू दिसतात. पुढे ककोडीच्या बाजूनं छत्तीसगड आणि कोरचीच्या बाजूनं गडचिरोली जवळ येते. मार्च–एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचणारी कुटुंबं दिसतात, तर मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पुडके बांधण्याची लगबग. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली देवरी तालुक्यातल्या अनेक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. म्हणून जंगलात शिरण्याआधी गावात विचारणं हा इथला शिष्टाचारच आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, तेव्हा रात्री झाडीपट्टीची नाटकं आणि दंडार हे लोकनाट्य रंगतं. त्या दिवसांत आलेल्या पाहुण्यानं एक रात्र नाटकाला जरूर द्यावी.

हा सीमाभाग दीर्घकाळ नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेला. घाबरून टाळण्याचं कारण नाही, पण अंधार पडल्यावर अनोळखी जंगलरस्त्यांवर फिरू नये. चिचगडच्या पोलीस ठाण्यात किंवा वनविभागाच्या कार्यालयात विचारपूस करून पुढे जावं. मुक्काम देवरीत करावा. महामार्गामुळे तिथं पेट्रोल, जेवण आणि राहण्याची सोय होते. पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि रोख पैसे जवळ ठेवावेत. एसटी आणि काळी-पिवळी असतात, पण त्यांच्या भरवशावर परतीचं विमान ठरवू नये. चिचगड ते बिरसी म्हणजे जवळजवळ अख्खा जिल्हा ओलांडायचा असतो.

एका दिवसात तिन्ही दिशा होत नाहीत. एकच दिवस असेल तर सकाळी सारस आणि दुपारी कचारगड पुरे. दोन रात्री काढता आल्या, तर दुसरा दिवस नवेगावला आणि तिसरा देवरी–चिचगडला द्यावा. गाडी स्थानिक चालकाची घ्यावी, जेवण गावातल्या खानावळीत करावं आणि परतताना थोडा तांदूळ इथल्याच गिरणीतून विकत घ्यावा. ज्यांच्या बांध्यांमध्ये सारस टिकून आहे, त्यांच्या घरी या प्रवासाचे चार पैसे पोहोचले पाहिजेत.